पिंपे करणाऱ्याचे घराणे

कुलवृत्तांत हाती आला की मी प्रस्तावना सोडून देतो. तिच्यात मूळ पुरुषाचे वर्णन असते, आणि ते कोणत्याही घराण्याचे काढा, साधारण एकाच साच्यातले निघते. मूळ पुरुष दुष्काळात किंवा दंगलीत गाव सोडून निघालेला, अंगावरच्या वस्त्रांनिशी आलेला, बुद्धीने तल्लख, वृत्तीने कडक, आणि कुलदैवताने स्वप्नात येऊन त्याला वाट दाखविलेली. हे सारे खरेही असेल. पण माझ्या मनात एक गद्य प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर सहसा पुस्तकात नसते. हा गृहस्थ पोट कशावर भरत होता? सकाळी उठून हातात काय घेत होता?

हीच खोड घेऊन मी मध्यंतरी एका दूरच्या मुलखातल्या वंशग्रंथाकडे वळलो. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीकाठी सतराव्या शतकात फ्रेंचांनी जी वसाहत केली, तिला 'नवा फ्रान्स' म्हणत. १६०८ साली क्वेबेक वसले आणि १७६३ च्या पॅरिसच्या तहाने तो सारा प्रदेश इंग्रजांकडे गेला. राज्य गेले, पण माणसे राहिली, आणि त्यांनी आपली भाषा, आपला धर्म आणि आपल्या वंशावळी जिवापाड जपल्या. राज्य गमावलेल्या समाजाला वंशावळीचे वेड लागते हे आपल्यालाही काही नवीन नाही.

त्या समाजाचा आद्य वंशग्रंथ सिप्रियँ तांगे या पाद्र्याने रचला. १८७१ ते १८९० या काळात त्याचे सात जाडजूड खंड निघाले. कॅनडातील फ्रेंच कुटुंबांचा वंशावळीकोश, वसाहतीच्या स्थापनेपासून आजतागायत, असे त्याचे भरघोस नाव आहे. त्यातले 'आजतागायत' काही साधले नाही. पहिला खंड १७०० पर्यंत येतो, आणि उरलेले सहा मिळून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तोंडाशी येऊन थांबतात. पण एका माणसाने गावोगावच्या चर्चमधल्या नोंदवह्या पालथ्या घालून हजारो कुटुंबे जुळवली हे काम डोंगराएवढे आहे. त्याच्या चुका काढण्यात पुढच्या पिढ्यांची हयात गेली. १९५७ ते १९६४ या काळात तर लबफ नावाच्या संशोधकाने केवळ तांगेच्या गाळलेल्या आणि चुकलेल्या विवाहांची पूरक पुस्तके काढली. एखाद्या ग्रंथाच्या चुकांचाच ग्रंथ व्हावा, याहून मोठा मान त्या ग्रंथाला कोणता मिळणार!

तांगेला हे साधले कारण चर्चच्या नोंदी होत्या. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तिन्ही वेळी पाद्री वहीत लिहीत असे. या वह्यांचीही एक गोष्ट आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. १६४० साली क्वेबेकमधले चर्च आगीत जळाले आणि त्याबरोबर तोवरची नोंदवहीही गेली. मग जेझुइट पाद्र्यांनी काय केले? वसाहत तेव्हा इतकी लहान होती की कोणाचे लग्न कधी झाले, कोणाचे मूल कधी जन्मले, हे त्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहून काढले. म्हणजे आज अधिकृत पुरावा म्हणून ज्या पानांवर बोट ठेवतात, त्यांतली पहिली काही पाने माणसांच्या स्मरणातून उतरलेली आहेत. वंशावळीच्या अभ्यासकांना याची थोडी लाज वाटते असे दिसते. मला मात्र ती पाने सगळ्यांत आवडली. एका वस्तीला आपले प्रत्येक मूल तोंडपाठ होते, याची ती खूण आहे.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. मी या ग्रंथविश्वात एक कारागीर धरला आणि त्याच्या मागे मागे गेलो. त्याचे नाव पिएर लेम्यो. फ्रान्समधल्या नॉर्मंडी प्रांतातले रुआँ हे त्याचे गाव. धंदा पिंपे करण्याचा. क्वेबेकला येऊन १६४७ साली त्याने मारी बेनार हिच्याशी लग्न केले. त्याचा भाऊ गाब्रियेल, तोही पिंपेच करणारा, तोही तिकडे आला. गाब्रियेलचे पहिले लग्न मार्गेरीत लबफशी झाले आणि दुसरे मार्त बोरगारशी. ही मार्त म्हणजे राजाच्या खर्चाने वसाहतीत पाठविलेल्या मुलींपैकी एक. १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत अशा सात-आठशे मुली लग्नासाठी समुद्रापार धाडण्यात आल्या होत्या. पिएरचा मुलगा गियोम याने लुई कोतेची विधवा एलिझाबेत लांग्ल्वा हिच्याशी लग्न केले. या मुळांतून लेम्यो आडनाव क्वेबेकभर पसरले. चित्रकलेत रस असणाऱ्यांना झाँ पॉल लेम्यो (१९०४–१९९०) हे नाव ठाऊक असेल. मोकळे, बर्फाने भरलेले क्षितिज आणि त्यापुढे एकटे उभे माणूस अशी त्याची चित्रे आहेत. फ्रेंचमध्ये या आडनावाचा अर्थ 'सर्वांत उत्तम' असा लावता येतो. पिंप घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ते ऐकून बरे वाटत असेल.

एवढे मिळाले. नाव, गाव, बायको, मुले, तारखा. कोशाचे काम संपले. जन्माला एक अक्षर, विवाहाला एक, दफनाला एक, आणि एक माणूस तीन ओळींत आटोपतो. यात तांगेचा दोष नाही, त्याने कोशच लिहायला घेतला होता. दोष आहे तो त्याच्या मागून आलेल्या घराण्याघराण्यांच्या पुस्तकांचा. त्यांच्यात 'मूळ पुरुष, पिंपांचा उस्ताद कारागीर' असे मोठ्या टाइपात छापलेले असते. एखादा इनामदार म्हणावा तसा हा शब्द उच्चारलेला असतो, आणि पुढच्या ओळीत लगेच मुलांची यादी सुरू होते. धंदा हा किताब होऊन बसतो. त्या धंद्यात हात कसे चालत, याचा पत्ता नसतो.

म्हणून वाचकांनी थोडा वेळ त्या कारखान्यात उभे राहावे अशी माझी विनंती आहे. पिंप म्हटले की आपल्यापुढे पाण्याचे पत्र्याचे पिंप येते. इथले पिंप लाकडाचे आणि त्यात खिळा नाही, सरस नाही. ओकचे लाकूड करवतीने न कापता रेषेरेषेने फोडायचे, म्हणजे लाकडाच्या शिरा तुटत नाहीत आणि दारू पाझरत नाही. त्यातही पांढरा ओक हवा. तांबड्या ओकच्या शिरा मोकळ्या असतात, त्यातून ऐवज झिरपून जातो. फोडलेल्या फळ्या उन्हापावसात दीर्घ काळ मुरवायच्या. मग प्रत्येक फळी मध्ये रुंद, टोकांना निमुळती करायची आणि तिच्या कडांना असा तिरका छेद द्यायचा की सगळ्या मिळून वर्तुळ बंद व्हावे. हा छेद डोळ्याच्या अंदाजाने दिला जाई. त्यासाठीचा रंधा इतका लांब असतो की तो उलटा टेकवून ठेवतात आणि लाकूडच त्याच्यावरून ढकलतात. सुताराच्या हातात रंधा चालतो; इथे रंधा स्थिर आणि लाकूड चालते. फळ्या एका कड्यात उभ्या केल्या की आत जाळ करायचा, बाहेरून पाणी मारायचे, आणि दोराने उघड्या टोकाला आवळत आवळत त्या वाकवायच्या. नंतर आतल्या बाजूने खाच पाडून तळ आणि झाकण बसवायचे, सांध्यांत लव्हाळ्याची पाने दाबायची, आणि लाकडाच्याच चिरलेल्या वेढ्यांनी सारे आवळून टाकायचे.

पिंपाचे पोट फुगीर का, हा प्रश्न मला लहानपणी पडला होता. त्याचे उत्तर इथे मिळाले. फुगीर पिंप जमिनीला एका जागीच टेकते, त्यामुळे अडीचशे किलोंवर भार एकटा माणूस लोळवत नेतो आणि हवे तिथे वळवतो. यारी नव्हती, रस्ते नव्हते, धक्का नव्हता अशा किनाऱ्यावर वसाहत उभी राहिली ती या पोटाच्या जोरावर. खारवलेले डुकराचे मांस, पीठ, वाटाणे, माशांचे तेल, आणि सेंट लॉरेन्समधल्या खारवलेल्या वामी, ज्यांच्यावर गरिबांचा हिवाळा निघे, हे सारे पिंपांतून येई-जाई. एवढेच काय, जहाजाचा आकारही पिंपांत मोजत. 'तोनो' म्हणजे मोठे पिंप; जहाज किती तोनोंचे, म्हणजे त्याच्या पोटात किती पिंपे मावतील. आपण रोज तोंडाने 'टन' म्हणतो तो या पिंपाच्याच कुळातला. पिएर लेम्यो ज्या जहाजातून आला असेल, त्याचे मापसुद्धा त्याच्या धंद्याच्या भाषेत होते.

आणि ही सारी पिंपे गेली. लाकडाचे वेढे कुजले, फळ्या चुलीत गेल्या. त्या काळच्या पिंपांच्या फळ्या पाहायच्या तर बुडालेल्या जहाजाकडे जावे लागते. १७६० साली रेस्तिगूश नदीच्या मुखाशी लढाईत बुडालेल्या 'माशो' या फ्रेंच जहाजाचे उत्खनन झाले, तेव्हा गाळातून तशा फळ्या वर आल्या. सुतार मागे घर ठेवतो, गवंडी भिंत ठेवतो. पिंपे करणारा कागदाखेरीज काही ठेवीत नाही.

पण तो कागद चर्चच्या वहीत नसून नोटरीच्या दप्तरात असतो. नव्या फ्रान्समध्ये माणसे उठल्याबसल्या नोटरीकडे जात. उमेदवार ठेवायचा, करार करा. लग्न ठरले, करार करा. नवरा वारला, तर विधवा आणि मुले यांच्यात वाटणी व्हायची म्हणून नोटरी घरी येऊन प्रत्येक वस्तूची किमतीसकट यादी करी. पॅरिसच्या रिवाजाने, म्हणजे तिथल्या वारसा-कायद्याने, सामान्य कुटुंबात मुलामुलींना सारखा वाटा होता, म्हणून ही यादी टाळता येत नसे. वाकस, दोन मुठींचा सुरा, लांब रंधा, अर्धवट राहिलेल्या फळ्या, न वसूल झालेली उधारी हे सारे त्या यादीत येते. झाँ-पिएर आर्दी आणि डेव्हिड-थिएरी रडेल यांनी १९७७ साली क्वेबेकमधल्या कारागिरांच्या उमेदवारांवर पुस्तक लिहिले ते याच दप्तरांतून. लुईझ देशेन यांनी १९७४ साली सतराव्या शतकातल्या माँट्रियलच्या शेतकऱ्या-व्यापाऱ्यांवर जो ग्रंथ लिहिला, तोही. देशेनबाईंचे पुस्तक वाचताना मला पहिल्यांदा वाटले की या वसाहतीत माणसे कर्ज काढत होती, थकत होती, हिशेब चुकवत होती. घराण्याच्या पुस्तकांत कोणी कधी कर्ज काढीत नाही.

या दप्तरांच्या उजेडात 'उस्ताद' या शब्दाचेही तेज थोडे उतरते. फ्रान्समधल्या शहरांत कारागिरांच्या पंचायती होत्या. उस्ताद व्हायचे तर वर्षानुवर्षे राबून, कसोटीचे काम करून, पैसे भरून व्हावे लागे. वसाहतीत माणसे यावीत म्हणून १६२७ च्या सनदेने सवलत दिली की ज्या कारागिराने नव्या फ्रान्समध्ये सहा वर्षे धंदा केला, तो परत आल्यावर पॅरिसमध्येसुद्धा उस्ताद म्हणून दुकान मांडू शकेल. तेव्हा वंशजांनी सोनेरी अक्षरांत छापलेला हा किताब काही जणांच्या बाबतीत समुद्र ओलांडल्याचे आणि हिवाळे काढल्याचे बक्षीस होता. मला तर तो त्यामुळे अधिक आदराचा वाटतो. सहा हिवाळे तिथे काढणे ही काही लहान कसोटी नव्हे.

या ग्रंथांचे एक मोठे श्रेय मात्र मोकळ्या मनाने दिले पाहिजे. त्यांच्यात बाई हरवत नाही. मारी बेनार लग्नानंतरही नोंदीत मारी बेनारच राहते. तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री तिचे माहेरचे नाव लिहितो, तिच्या दफनाच्या वेळीही तेच. म्हणून तिथला अभ्यासक आईच्या बाजूनेही पिढ्यान्‌पिढ्या मागे जाऊ शकतो. (१९८१ पासून तर क्वेबेकच्या कायद्याने लग्नानंतर बाईचे जन्मनावच चालते.) आपल्या कुलवृत्तांतांत सून आली की तिचे आडनाव बदलते, पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलते, आणि माहेर एका कंसात, तेही असलेच तर. मुलगी तर 'अमक्याला दिली' एवढ्यावर संपते. आपल्या घरात ज्यांनी कुलवृत्तांत जपून ठेवला आहे त्यांनी दिवाळीच्या सवडीत आपल्या पणजीचे माहेरचे नाव त्यात शोधून पाहावे.

आता माझी खरी तक्रार. पिंपाविषयी मी एवढे लिहिले, पण पिंपात काय होते? मांस होते, पीठ होते, तसा ब्रँडीसुद्धा होती. फरच्या व्यापारात ब्रँडी हे मोठे हत्यार होते. बीव्हरच्या कातड्यांच्या बदल्यात ती तिथल्या मूळ रहिवाशांना पाजली जाई, आणि त्यापायी वस्त्याच्या वस्त्या उद्ध्वस्त होत. हे आज कोणी शोधून काढलेले नाही. त्या काळच्या माणसांना ते डोळ्यांपुढे दिसत होते. बिशप लावाल याने १६६० साली, असा व्यापार करील त्याला धर्मबाह्य करू अशी धमकी दिली होती. १६७८ साली गव्हर्नर फ्रोंतनाकच्या कारकिर्दीत वसाहतीतल्या वीस प्रमुखांना बोलावून मत विचारले, तेव्हा बहुतेकांनी व्यापार चालू राहावा असाच कौल दिला. ती ब्रँडी पिंपातून गेली. पिंप कोणीतरी केले होते, कोणीतरी दुरुस्त केले होते.

कोणी म्हणेल, कुंभाराला घागरीतल्या पाण्याचा जाब विचारायचा का? विचारू नये. लेम्यो बंधूंनी केलेल्या कोणत्या पिंपात काय भरले गेले हे कोणी सांगू शकत नाही, आणि मीही त्यांच्यावर आरोप ठेवीत नाही. माझा प्रश्न लेखकाला आहे. पूर्वजाच्या कसबाचा अभिमान मिरवताना त्या कसबाची ज्या बाजारात विक्री होत होती तो बाजार पानाबाहेर ठेवायचा, ही लबाडी आहे. मग कसबही खोटे वाटू लागते.

दुसरी गळती याहून वाईट आहे, कारण तिचा पुरावा त्याच चर्चच्या वह्यांत आहे. १७०९ साली इन्टेंडंट रोदोने गुलामगिरीला कायद्याचा आधार दिला. मूळ रहिवाशांपैकी पकडून आणलेल्यांना 'पानीस' म्हणत. आपल्या कानाला हा शब्द निरुपद्रवी वाटतो, पण तिथे त्याचा अर्थ गुलाम असाच रूढ झाला. मार्सेल त्रुदेल या इतिहासकाराने १९६० साली या गुलामगिरीवर ग्रंथ लिहिला आणि १९९० साली गुलामांचा व त्यांच्या मालकांचा कोशच काढला. त्यात चार हजारांहून अधिक गुलामांची नोंद आहे, आणि त्यांतले बहुसंख्य मूळ रहिवासी आहेत. त्यांचेही बाप्तिस्मे झाले, त्यांचीही दफने झाली, त्याच वहीत, त्याच शाईने. फक्त पुष्कळांच्या नावापुढे आडनाव नाही, मालकाचे नाव आहे. कित्येकांचे वय अंदाजे, आईबाप कोरे. मालकांत व्यापारी होते, सरकारी अधिकारी होते, पाद्री आणि धर्मसंस्थाही होत्या. त्रुदेलने मालकांची नावे छापली तेव्हा वंशावळी जपणाऱ्या समाजाला ती गोड लागली नसतील हे समजण्यासारखे आहे. पण मला त्रुदेल आणि तांगे एकाच घरातले वाटतात. दोघांनी त्याच वह्या वाचल्या. एकाने ज्यांना वंश होता त्यांना जुळवले, दुसऱ्याने ज्यांचा वंश कोणी लिहिला नाही त्यांना गोळा केले. कपाटात हे दोन कोश शेजारी ठेवल्यावाचून पहिला वाचू नये असे माझे मत आहे.

१९६६ साली माँट्रियल विद्यापीठात युबेर शार्बोनो आणि झाक लेगारे यांनी या साऱ्या नोंदी एकत्र जुळवण्याचा मोठा उद्योग सुरू केला. तांगेने एकट्याने डोळे फोडून केले, ते तिथे यंत्राच्या मदतीने झाले. आता वंशजाला आपल्या मूळ पुरुषापर्यंत पोचायला फारसा वेळ लागत नाही. परिणाम असा की घराण्यांची पुस्तके वाढत चालली आहेत आणि ती पहिल्यापेक्षा पातळ होत चालली आहेत. तारखा अचूक, माणूस गायब. नोटरीचे दप्तर मात्र अजून बसून वाचावे लागते. ते अक्षर लागायला महिने जातात, आणि त्याला कोणाची सवड नाही.

लेम्यो घराण्याच्या कुणा हौशी वंशजाने पुन्हा पुस्तक काढायचे ठरवले, तर माझे एवढेच मागणे आहे. पहिल्या पानावर ढाल-तलवारीचे ते विकत मिळणारे कुलचिन्ह नको. त्या काळच्या कोणत्याही एका पिंपे करणाऱ्याच्या मृत्यूनंतर नोटरीने केलेली यादी तिथे छापावी, किमतीसकट, उधारीसकट. तिच्याखाली मारी बेनारचे नाव असावे. आणि त्या वर्षी त्याच चर्चमध्ये ज्या ज्या मुलांचा बाप्तिस्मा झाला त्या सगळ्यांची नावे असावीत, आडनाव असलेल्यांची आणि नसलेल्यांचीही.